शाळेएवढा पाट

मी पाट उचलला आणि पाटाबरोबर काचेचं चंचुपात्रही वर आलं.

त्याला कुणी डिंक लावला नव्हता. थोड्या वेळापूर्वी पाटावर मी ओंजळभर साधं पाणी शिंपडलं होतं, त्यावर चंचुपात्र ठेवलं होतं आणि त्यात दोन प्रकारची पांढरी पूड ओतून काचकांडीने ढवळली होती. एवढंच. दोन्हींचा, कोरड्या असूनही, आपोआप लगदा झाला आणि त्या लगद्याने खालचं पाणी गोठवून टाकलं.

"आता पाट उलटा कर," निखाडे मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, पडेल."

"पडू दे. फुटलं तर माझं."

मी श्वास रोखून पाट उलटा केला. चंचुपात्र वटवाघळासारखं लोंबकळत राहिलं. श्रद्धांजलीच्या दोन मिनिटांतही गप्प न बसणारा आमचा वर्ग एकदम चिडीचूप झाला. मग माझ्या शेजारी बसणाऱ्या झोया शेखने नाक दाबलं.

"मॅडम, मुतारीचा वास येतोय."

"तो अमोनिया वायू आहे. या अभिक्रियेत तयार होतो."

"म्हणजे मुतारीतही तोच असतो ना. मग मी बरोबरच बोलले."

हशा पिकला. मॅडमही हसल्या, पण लगेच बोट वर करून म्हणाल्या, "सांगा, थंडी आली कुठून?"

मागच्या वर्षापर्यंत हजेरीला 'उपस्थित' म्हणतानासुद्धा माझा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचायचा नाही. पण हातात उलटा पाट धरून उभं राहिलं की माणूस बदलतो. मी म्हणाले, "मॅडम, थंडी कुठूनच आली नाही. ऊब गेली."

"कुठे?"

ते मला माहीत नव्हतं. मॅडमनी सांगितलं आणि मला ते अजूनही परीकथेसारखं वाटतं. स्फटिक म्हणजे कणांची घट्ट हात धरून उभी असलेली रांग. ती रांग मोडायला ऊर्जा लागते. बहुतेक अभिक्रियांत नवे हात जुळताना त्याहून जास्त ऊर्जा बाहेर पडते, म्हणून चुलीत लाकूड जळतं आणि आपल्याला ऊब मिळते. पण काही अभिक्रियांत हात सुटायला जितकी ऊर्जा लागते तितकी परत मिळतच नाही. तरीही कण थांबत नाहीत, कारण मोकळं होऊन भटकायची त्यांना भारी ओढ असते. मग कमी पडलेली ऊर्जा ते शेजाऱ्याकडून ओढतात. काचेकडून, पाण्याकडून, आपल्या बोटांकडून. अशा अभिक्रियेला उष्माग्राही म्हणतात.

मी हातमोज्यातली बोटं काचेला लावली. गार झालेली बोटं नव्हती ती, माझी ऊब त्या लगद्यात चालत जात होती. बाहेर नुकतं उजाडत होतं आणि वेळगावात तेव्हाही छत्तीस अंश तापमान होतं.

वेळगाव म्हणजे चंद्रपूरच्या पलीकडचं, कोळशाच्या खाणीला लागून असलेलं आमचं गाव. आई सांगते, तिच्या लहानपणी उन्हाळ्यात दुपारीही लोक बाजारात जायचे. आता होळीनंतर आमची शाळा पहाटे भरते आणि ऊन चढायच्या आत सुटते. दुपारी खाणीवरचा उष्माभोंगा वाजला की जो जिथे असेल त्याने तिथेच सावलीत थांबायचं. प्रत्येकाच्या मनगटावर तापपट्टा असतो, अंगातली उष्णता वाढली की तो किंचाळतो. तान्ह्या बाळांच्या तो घोट्याला बांधतात.

पहाटेच्या शाळेत अभ्यासक्रम पुरा होत नाही. म्हणून यंदा वरून निर्णय आला होता. जी शाळा दुपारी चालू शकत नाही, तिथली नववी-दहावीची मुलं चिखलदऱ्याच्या वसतिगृहात पाठवायची. पुढच्या वर्षापासून होळीला जायचं आणि पोळ्याला परत यायचं. यंदा तपासणीत नापास झालो की लगेच निघायचं. पास व्हायची अट एकच. एक वर्ग, सगळी मुलं आत बसलेली, वातानुकूलन यंत्र नाही, कारण भर दुपारी वीज टिकतच नाही. आणि दुपारी एक वाजता तापमान चौतीसच्या खाली.

आमच्या वर्गात दुपारी एकला चव्वेचाळीस असायचं.

माझी आई, करुणा खोब्रागडे, खाणीवर पाण्याचा टँकर चालवते. डंपर जाऊन जाऊन रस्त्यांवर कोळशाची धूळ उठते, ती बसवायला दिवसभर तोफेसारख्या नळीतून पाणी मारत फिरायचं, हे तिचं काम. घरी आम्ही दोघीच. वसतिगृहाची बातमी आली त्या आठवड्यात ती चंद्रपूरहून एक पिशवी घेऊन आली. पिशवीत निळा स्वेटर.

"घालून पाय," ती म्हणाली.

"आई, आत्ता घरात चाळीस आहे."

"तिथं थंडी असते म्हणते. घालून पाय, बाही पुरते का."

मी घातला. गळ्यातून डोकं बाहेर आलं न आलं तोच मनगटावरचा पट्टा किंचाळायला लागला. आई हसून हसून पलंगावर बसली. मी स्वेटर ओढून काढला तेव्हा तिचं हसू संपलं होतं आणि ती स्वेटरची घडी घालत होती. एकदा घातली, मोडली, पुन्हा घातली.

"मला नाही जायचं," मी म्हणाले.

"कायले नाही जायचं? थंड हवेत शिकशील. इथं काय हाये, धूळ."

"आणि तू एकटी?"

"मी कायची एकटी? माझा टँकर हाये ना."

 पण त्या रात्री तिने माझ्या ताटात वाढायचं सोडून दोनदा स्वतःच्याच ताटात वाढलं, हे मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना विचारलं, "मॅडम, आपण अख्ख्या वर्गाची ऊब काढून घेऊ शकतो का?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि हसल्या नाहीत. त्यांची एक मैत्रीण नागपूरला प्रयोगशाळेत काम करत होती. तिच्या गटाने एक नवं मीठ तयार केलं होतं. मीठ म्हणजे खायचं नव्हे, रसायनशास्त्रातलं. ते पाण्यात विरघळताना इतकी उष्णता ओढायचं की आम्ही पाटावर केलेला प्रयोग त्यापुढे अगदीच बालवाडीतला. विषारी नाही, वास नाही. आणि खरी गंमत पुढेच. ते पाणी उन्हात वाळवलं की मीठ जसंच्या तसं परत मिळतं, मग पुन्हा वापरा. उन्हानेच उद्याची थंडी भरून ठेवायची. गावात वापरून बघायला त्यांना जागा हवीच होती. आठवड्यात पोती आली. पोत्यावरचं रासायनिक नाव एका ओळीत मावत नव्हतं, म्हणून मी त्याचं नाव ठेवलं निवण. जीव निवतो तो निवण.

पहिल्या दिवशी आम्ही बादलीत मूठभर निवण टाकलं. झोया बादलीत पाय घालून बसली आणि पाच मोजायच्या आत ओरडत बाहेर आली. बादलीला बाहेरून पांढरी साय धरली होती. आम्ही एकेकाने ती नखाने खरवडली आणि जिभेवर ठेवली. मे महिन्यात, वेळगावात, हवेतून आलेलं बर्फ. लहान वर्गातली एक मुलगी ते तळहातावर घेऊन वितळेपर्यंत बघत राहिली आणि वितळल्यावर तिने हात पुसलाच नाही.

मग मोठी चाचणी केली. वर्गाच्या चारी भिंतींना प्लॅस्टिकची पिंपं लावली, पाण्यात निवण घातलं, काठ्यांनी ढवळलं. पारा चव्वेचाळीसवरून उतरायला लागला. चाळीस. अडतीस. आम्ही ढवळतोय, घामाघूम. छत्तीसवर आला आणि बसला तो बसलाच.

मॅडमनी वर छताकडे बोट केलं. "पिंपं थंड आहेत. पण डोक्यावर तवा तापलाय."

"भाकरी तव्यावर असते मॅडम," झोया म्हणाली. "आपण तव्याखाली आहोत."

"तरी भाजतोय ना?"

उपाय आम्हाला सुचला नाही. चंचुपात्रात करायचा प्रयोग आम्ही पिंपात केला होता, म्हणजे फक्त भांडं मोठं केलं होतं. पडदे ओले करू, जास्त जोरात ढवळू, दोन-तीन अंश कसेही खेचू, असं ठरलं. वापरलेलं पाणी गच्चीवर नेऊन वाळत घातलं. खाली खाणीतून मिळालेल्या जुन्या ताडपत्र्या, कडेला विटा लावून उंच केलेल्या, त्यात ते पाणी. कुरडया वाळत घातल्यासारखी आम्ही आळीपाळीने राखण केली. तपासणीच्या दिवसापर्यंत ताडपत्र्यांवर निवणाचा जाड, शुभ्र थर आला.

तपासणीला आकरे साहेब आले. छत्री, काळी पेटी, पेटीत मखमलीत ठेवलेला तापमापक. आम्ही गूळ-पाणी दिलं. ते पाणी पिऊन म्हणाले, "मला शाळा बंद करायची हौस नाही, बाळांनो. पण आकडा बघून मला लिहावं लागतं."

"सर, बारा वाजता निवण खाली आणू आणि पिंपात टाकू," मी म्हणाले. "एक वाजेपर्यंत तुम्हीच बघा."

तेवढ्यात रस्त्यावर ओळखीचा घरघराट झाला. मग डोक्यावर धो धो आवाज सुरू झाला. अख्ख्या छतावर कुणी तरी तलाव उपडा केल्यासारखा.

मी धावत बाहेर गेले. आईचा टँकर शाळेच्या भिंतीला लावलेला आणि टँकरवरची पाण्याची तोफ गच्चीकडे रोखलेली. वेळगावात ऊन वाढलं की लोक गच्चीवर पाणी मारतात, त्याशिवाय खाली बसवत नाही. घरी रोज आम्हीही मारतो. आई तेच करत होती, फक्त टँकरने. आणि खालून तिला गच्चीवरच्या ताडपत्र्या दिसणं शक्यच नव्हतं.

मी दोन्ही हात जोरजोरात हलवले. "बंद कर, आई, बंद कर!"

पंपाच्या आवाजात तिला काय ऐकू येणार. तिला वाटलं मी खूश झालेय. तिनेही हात हलवला आणि पाण्याचा दाब वाढवला.

टाकी रिकामी झाली तेव्हाच पंप थांबला. आई पदराने तोंड पुसत खाली उतरली. "काहून वं, अशी काहून पायते? पोट्टे खाली बसून राहणार ना, म्हटलं सिलॅप थंड करून द्याव."

"आई, वर निवण वाळत होतं."

तिला निवण काय ते माहीत होतं. मी रोज त्याशिवाय दुसरं काही बोलतच नव्हते. ती टँकरच्या पायरीवर बसली.

"सगळं?"

"सगळं."

"मले कोणं सांगतलं नाही, वर हाये म्हणून." तिने विचारलं, "मंग आता तू जाशील?"

तीच विचारत होती. स्वेटर आणणारी. तिचा आवाज असा आला की मला तिच्याकडे बघवेना. मी शाळेच्या भिंतीकडे बघत राहिले.

म्हणूनच ते मला झोयाच्या आधी दिसायला हवं होतं. पण झोया ओरडली. "श्रावस्ती, इकडे ये. पन्हाळीला दात आलेत."

गच्चीचं पाणी बाहेर टाकणाऱ्या पन्हाळीतून पाणी पडत नव्हतं. तिच्या तोंडाशी काचेसारखे चार लांब सुळे लोंबत होते आणि त्यांच्यातून ऊन आरपार जात होतं.

आम्ही जिना चढून वर गेलो. दारातच मी थांबले. पुढे पाऊल टाकायची भीती वाटली म्हणून नव्हे. आपण टाकलं तर ते बिघडेल, असं वाटलं.

गच्ची पांढरी झाली होती. निवणाने नव्हे, ते ताडपत्र्यांवर करकरत विरघळत होतं. ताडपत्र्यांच्या मधल्या पट्ट्यांवर, कठड्यावर, पाण्याच्या टाकीच्या पायांवर दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडलं होतं. ताडपत्र्यांवरून धुक्याचा पातळ थर सरकत होता, कठड्याच्या भोकांतून खाली सांडत होता. वर पांढरं जळतं आभाळ, मे महिन्याचा सूर्य अगदी डोक्यावर यायला निघालेला, आणि त्याच्याखाली हे. एक कावळा टाकीवर येऊन बसला, पाय उचलला, दुसरा उचलला, आणि तिथेच बसून राहिला.

आणि कानाला सगळ्यात आधी जाणवलं ते वेगळंच. तापपट्ट्यांचा आवाज नव्हता. दिवसभर कुणाचा ना कुणाचा पट्टा कुरकुरत असतो, त्याची आम्हाला इतकी सवय झाली होती की तो थांबल्यावरच कळलं. सगळ्यांचे पट्टे गप्प होते.

माझ्या मागून आकरे साहेब आले. त्यांनी छत्री मिटली. मग स्वतःला सावरून म्हणाले, "पाणी मारलं की थोडं गार होतंच. वाफ होते त्याची."

"हो सर," मी म्हणाले. "पण ताडपत्री उचलून बघा."

त्यांनी वाकून कोपरा धरला आणि ओढला. नुसता फर्र आवाज झाला. त्यांनी चष्मा खिशात ठेवला, दोन्ही हातांनी ओढलं. ताडपत्री हलली नाही. तिच्याखाली शिरलेलं साधं पाणी गोठून स्लॅबला चिकटलं होतं.

आणि मला ते दिसलं. हा तर माझाच प्रयोग. काचेच्या जागी ताडपत्री आणि पाटाच्या जागी शाळा.

"जपून सर," झोया म्हणाली. "जोरात ओढलंत तर शाळा वर येईल."

आकरे साहेब हसले. मला वाटतं, खूप दिवसांनी हसले असावेत, कारण हसल्यावर त्यांना खोकला आला. निखाडे मॅडम मात्र हसत नव्हत्या. त्या गुडघ्यावर बसून स्लॅबवर तळहात टेकवून होत्या. "मुलींनो, आपण खोलीतली हवा थंड करत बसलो," त्या पुटपुटल्या. "तवाच थंड करायचा होता."

मग त्या ताडकन उठल्या. "पन्हाळीखाली पिंपं लावा. वितळल्यावर थेंबही वाया जाता कामा नये."

आम्ही पिंपं उचलून धावलो. चुकीच्या जागी ठेवलेल्या त्या पिंपांना शेवटी काम मिळालं.

मग सगळा वर्ग खाली जाऊन बसला. छतातून काहीतरी उतरत होतं, वाऱ्यासारखं नव्हे, वारा नव्हताच. डोक्यावर रोज बसणारं एक ओझं कुणी काढून ठेवल्यासारखं. आम्ही माना वर करून बघत होतो, बाकी काही सुचत नव्हतं. मॅडमनी दुपारचा पहिला तास घेतला. आमच्या पिढीने उन्हाळ्यात वर्गात दुपारी शिकलेला पहिला तास. विषय इतिहास होता, आणि कुणाला त्यातला एक शब्द आठवत नाही.

खाणीचा भोंगा वाजला. आकरे साहेबांनी मखमलीतून तापमापक काढला, टेबलावर ठेवला, आणि हात मागे बांधून उभे राहिले. एक वाजला. त्यांनी वाकून बघितलं. पुन्हा चष्मा लावून बघितलं.

"एकतीस," ते म्हणाले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकतीस हा आकडा आमच्यातल्या कितीकांनी उन्हाळ्याच्या दुपारी कधी पाहिलाच नव्हता.

"एका दिवसाने होत नाही," साहेब पुढे म्हणाले. "उद्या काय कराल? मीठ तर विरघळलं."

"ते आपोआप वाळेल सर, गच्चीवरच," मी म्हणाले. माझं बोलणं माझ्याच पुढे धावत होतं. "पिंपातलं पाणी पुन्हा वर टाकायचं. निम्म्या ताडपत्र्या एक दिवस वापरायच्या, तेव्हा उरलेल्या निम्म्या वाळत राहतील. ऊन जितकं कडक तितकं लवकर वाळेल. पोती अजून लागतील, पण नागपूरला त्यांना जागा हवीच आहे. आणि रोज सकाळी कुणीतरी पाणी मारायला हवं. माझी आई मारेल."

"तुझी आई कुठे आहे?"

मला धक्काच बसला. आई खाली नव्हती, वर्गात नव्हती. टँकर तर तिथेच उभा होता.

ती गच्चीवर होती. एकटीच, दोन ताडपत्र्यांच्या मध्ये, चपला काढून अनवाणी उभी. जन्मभर जिने तापलेल्या रस्त्यांवर पाणी मारलं तिचे पाय दहिवरावर होते आणि ती आळीपाळीने पाय उचलत होती, पण चपला घालत नव्हती. दंडावर काटा आला होता. ती त्या काट्याकडे कुतूहलाने बघत होती, हे काय नवीनच अंगावर आलं म्हणून.

"आई, एकतीस आलं."

"म्हणजे?"

"म्हणजे मी कुठेच जात नाही."

 ती म्हणाली, "टँकरात शीटच्या मांग पिशवी हाये. आण."

मी पिशवी आणली. सकाळीच आणून ठेवलेली असणार, तपासणी फसली तर माझ्या हातात द्यायला. तिने स्वेटर काढला. घडी मोडली.

"घालून पाय."

मी घातला. गळ्यातून डोकं बाहेर काढलं आणि दोघीही थांबलो, वाट बघत. भर दुपार, भोंगा वाजून गेलेला. आईने माझं मनगट धरलं आणि पट्ट्याला कान लावला.

पट्टा गप्प होता.

"बाही पुरते," आई म्हणाली, आणि तिने कान तसाच लावून ठेवला.